पस्तीस मार्कांची सुरक्षितता

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये देशातल्या १११ शहरांना राहण्याच्या सोयीवरून क्रमांक दिले होते. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. सांगली कितवी? सांगली त्यात नव्हतीच. स्मार्ट सिटी योजनेतली शहरं, राजधान्या आणि दहा लाखांच्या वरची शहरं एवढीच तपासली गेली, आणि सांगली, मिरज, कुपवाड तिन्ही मिळून आमची मजल २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास. तपासलंच नाही तर नावं ठेवणार कोण? 'सांगली आहे चांगली' म्हणत फिरायला आम्ही मोकळे.

खरी गंमत गुणांच्या वाटणीत आहे. त्या यादीत शंभरातले ४५ गुण घरं, पाणी, वीज, सांडपाणी, वाहतूक अशा सोयींना होते. कारभाराला २५. शिक्षण, आरोग्य, सुरक्षा आणि संस्कृती यांना मिळून २५. रोजगार आणि अर्थकारणाच्या वाट्याला उरले ५. पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली, तेव्हा वाटणीच बदललेली: जीवनमान ३५, आर्थिक क्षमता १५, शाश्वतता २०, आणि ३० गुण थेट नागरिकांना विचारून. बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. आधी १११ शहरांत ६५ वी आलेली दिल्ली या वेळी दहा लाखांवरच्या ४९ शहरांत १३ वी. दिल्लीची हवा तीच, यमुना तीच. फूटपट्टी तेवढी नवी.

हे आकडे मला तोंडपाठ व्हायला कारण झाली माझी भाची. ती पुण्याला हिंजवडीत नोकरी करते, आणि तिच्यापुढं दोन पत्रं होती. एक बेंगळुरूचं, भरपूर पगाराचं. दुसरं एका लहान कंपनीचं, पगार बेताचा, पण काम घरून करायची मुभा. घरून म्हणजे सांगलीतून. आमच्या घरात अशा वेळी माणसं सरळ मत देत नाहीत, पुरावे देतात. दादानं, म्हणजे तिच्या वडलांनी, मोबाइलवर या असल्या याद्या धुंडाळायला सुरुवात केली. ज्या यादीत बेंगळुरू वर असेल ती यादी 'अभ्यासपूर्ण', ज्या यादीत खाली असेल ती 'कुणीतरी एसीत बसून केलेली'.

भाची त्याचीच मुलगी. तिनं एक्सेलमध्ये तक्ता केला. पगार, घरभाडं, सुरक्षितता, दवाखाने, हवा, रोजचा प्रवास आणि शेवटी एक रकाना, 'आई-बाबा जवळ'. प्रत्येक रकान्याला भारांक, म्हणजे शंभरातलं त्याचं वजन. दोन-चार दिवसांनी तिचा फोन आला. "आत्या, पगाराला चाळीस दिले की बेंगळुरू येतंय. सुरक्षिततेला चाळीस दिले की सांगली. दोन्हीला पंचवीस-पंचवीस दिले की पुणं, जिथं मी राहायचंच नाही म्हणून ठरवलंय. मला हवं ते उत्तर काढता येतंय गं. मग तक्ता कशाला केला?"

तिला मी पिट्सबर्गची गोष्ट सांगितली. १९८५ साली अमेरिकेत 'प्लेसेस रेटेड अल्मनॅक' नावाच्या पुस्तकानं ३२९ शहरांना नऊ निकषांवर गुण दिले: हवामान, घरं, आरोग्य, गुन्हे, वाहतूक, शिक्षण, कला, करमणूक आणि अर्थकारण. पहिलं आलं पिट्सबर्ग. लोकांच्या भुवया उंचावल्या, कारण ते पोलादाच्या भट्ट्यांचं गाव, आणि त्या काळात तिथले कारखाने एकेक करून बंद पडत होते. दोन वर्षांनी बेल लॅब्जमधल्या बेकर, डेन्बी, मॅकगिल आणि विल्क्स या चौघांनी तेच आकडे घेतले. शहरांच्या गुणांना हात लावला नाही. फक्त भारांक हलवून पाहिले. निकाल असा निघाला की भारांक सोयीनं लावले तर १३४ शहरं पहिली आणता येतात, १५० शेवटची आणता येतात, आणि ५९ शहरं अशी आहेत की मनात आणलं तर पहिली, मनात आणलं तर शेवटची.

५९ शहरं! म्हणजे त्या शहरांत एका बाजूला काहीतरी फार उत्तम होतं आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी फार वाईट. मला वाटतं आपली बहुतेक गावं त्या ५९ मधलीच आहेत. सांगली तर नक्कीच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ही बाई एवढी का तावातावानं बोलते असं वाटेल. मी नोकरी केली ती सर्वसाधारण विम्याच्या कचेरीत, क्लेमच्या टेबलावर. आमच्या धंद्यात धोका आणि पैसा यांना एकाच वाक्यात बोलतात. धोक्याचा दर काढतात आणि त्याला प्रीमियम म्हणतात. त्यामुळं 'सुरक्षितता पंचवीस टक्के, उत्पन्न पंचवीस टक्के' असं कुणी शेजारी शेजारी मांडलं, की मला पहिल्यांदा शंका येते ती मांडणीचीच. या दोन गोष्टी खरंच शेजारी शेजारी उभ्या असतात का?

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, 'आयर्विनला पाणी किती?' असं विचारतात. कृष्णेवरचा १९२९ चा हा पूल आमची मोजपट्टी आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा गावात. त्याआधी २००५ आहेच. कोयनेतून विसर्ग वाढला की इकडे कापड पेठेतले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर न्यायला लागतात.

२०१९ चं पाणी उतरल्यावर सर्व्हेअरबरोबर मी हरभट रोडवर हिंडत होते. एक दुकान वह्या-कागदांचं. शटर अर्ध्यातच अडकलेलं, कारण आतले रीम पाणी पिऊन इतके फुगले होते की रॅकचे लोखंडी उभे बाहेरच्या बाजूला वाकून शटरला टेकले होते. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची सरळ रेघ. तिच्याखाली रंग सुटलेला, वर देवांचा फोटो जसाच्या तसा, उदबत्तीच्या काडीसकट. मालक ऐंशीच्या घरातले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून दिली. ती वाचताना मला त्यांच्याकडे बघवेना. विम्याची रक्कम कित्येक वर्षांपूर्वीची, तेव्हा होता तेवढ्या मालाची. दुकान वाढलं, रक्कम तीच राहिली.

आमच्याकडे याला 'अ‍ॅव्हरेज' लावणं म्हणतात. दुकानात वीस लाखांचा माल, विमा दहाचा, आणि नुकसान आठ लाखांचं झालं, तर मिळतात चार. कारण तुम्ही निम्म्याच मालाचा प्रीमियम भरला होता. हिशेब बरोबर आहे, नियमात आहे, मी स्वतः असे कितीतरी कागद पुढं सरकवलेत. आणि ज्यांनी चार पैसे वाचवायला पुराचं कलमच पॉलिसीतून काढून घेतलं होतं, त्यांना तेही मिळाले नाहीत. ही मंडळी बेफिकीर होती असं म्हणवत नाही. दोन वर्षं धंदा मंद होता, म्हणून ती कमी विम्यावर चालली होती. कमाई आखडली की माणूस सगळ्यात आधी सुरक्षिततेत काटकसर करतो, कारण ती काटकसर रोज दिसत नाही. पाणी आल्यावर दिसते.

पाणी तरी सगळ्यांकडं सारखं कुठं येतं? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दर पुराला पेपरात पहिल्या दिवशी येतात. विश्रामबागचं नाव तितक्या सहजी येत नाही. एकाच महापालिकेत, एकाच पोलीस ठाण्यांच्या जाळ्यात, एकाच 'शहराच्या' नावाखाली. पाटबंधारेवाल्यांची निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारं पाणी, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. ऐकायला बरं वाटतं. पण वीस वर्षांचं घरकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलंत, तर कर्ज फिटायच्या आत निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेवर १८. हा हिशेब बँकेत कुणी सांगत नाही, पण सांगलीत भाड्यानं घर बघणारा प्रत्येक जण घरमालकाला तो आपल्या भाषेत विचारतो: '२०१९ ला कुठपर्यंत होतं?' या प्रश्नाचं उत्तर भाड्यात आणि जागेच्या दरात उतरलेलं असतं.

आणि शहरांच्या याद्यांमधली 'सुरक्षितता' म्हणजे काय असते? बहुतेक वेळा पोलिसांकडचे गुन्हे. पूर तिथं बसतच नाही. २०२१ च्या आपल्या सरकारी यादीतही सुरक्षा एका गटात, जीवनमानात, आणि आपत्ती सोसायची ताकद दुसऱ्या गटात, शाश्वततेत. हरिपूरच्या माणसाला हे सांगून बघा. पिढ्यानपिढ्या हरिपूरच्या पेवांत हळद राहिली. जमिनीत खोल खड्डे, वरून मातीनं बंद, आत किडा नाही की चोर नाही. हळदीला त्याहून सुरक्षित जागा महाराष्ट्रात नव्हती. २००५ मध्ये नदी पेवांत शिरली. आदल्या वर्षी कुणी पेवांना गुण दिले असते तर शंभरपैकी शंभर पडले असते.

बरं, गुन्ह्यांपुरतंच बोलू. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात वीस लाखांवरच्या शहरांत कोलकाता सगळ्यात सुरक्षित ठरलं, लाखामागे ८६.५ दखलपात्र गुन्हे. दुसरं पुणे, २८०.७. पहिल्यात आणि दुसऱ्यात तिपटीहून जास्त अंतर! हे वाचून दादा म्हणाला, "मग कोलकात्याला पाठवू या की हिला." गंमत म्हणजे राहण्याजोग्या शहरांच्या त्या दोन्ही सरकारी याद्यांत कोलकाता नाहीच, कारण पश्चिम बंगालनं भागच घेतला नव्हता. आणि ब्युरो स्वतःच सांगतो की गुन्ह्यांची नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं असं समजू नका. तक्रार सहज लिहून घेणारं ठाणं यादीत बदनाम होतं, दारातून परत पाठवणारं ठाणं शांत दिसतं.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मधल्या, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. कुणाकडेही, माहेरी, शेजारी, कुठंही. पोलीस तर लांबच. मग ठाण्यातल्या नोंदीवरून शहराला सुरक्षिततेचे गुण द्यायचे म्हणजे उरलेल्या ८६ टक्क्यांचं गप्प राहणं गुण म्हणून मोजायचं.

आमच्या सधन पट्ट्याला तर हा आरसा जास्तच टोचेल. ऊस, दूध, द्राक्षं, बेदाणा, हळद, सहकारी कारखाने, उत्पन्नाच्या रकान्यात पश्चिम महाराष्ट्र कधी मागे नसतो. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५१. शेजारच्या कोल्हापुरात ८३९. पैसा होता, म्हणून सोनोग्राफी परवडत होती. या मुली कुठल्याच गुन्हे-दरात नाहीत, त्या जन्मलेल्याच नाहीत. रात्री बारा वाजता विश्रामबागच्या रस्त्यावरून बाई निर्धास्त चालत जाते हे खरं आहे, मीही गेलेय. आणि हेही त्याच गावाबद्दल खरं आहे.

उत्पन्नाच्या रकान्याचं तर विचारूच नका. दरडोई उत्पन्न म्हणजे जिल्ह्याची एकूण कमाई भागिले डोकी. त्यात वाळव्याचा ऊसवाला आणि जतचा पाण्याच्या टँकरची वाट बघणारा एकाच आकड्यात राहतात. आणि याहून मोठी अडचण म्हणजे माणूस एकाच ठिकाणी राहतो असं या याद्या धरून चालतात. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुष्काळी गावांतून पिढ्यानपिढ्या माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर गेली. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची. भारतात कुठल्याही मोठ्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात जा, भट्टीपाशी खानापूर तालुक्याचं मराठी ऐकू येईल. पैसा तिकडं, म्हातारे आई-बाप इकडं, पोरांची शाळा कधी इकडं कधी तिकडं, बांधलेला बंगला गावाकडं आणि तो उघडतो जत्रेला. भट्टीचा, अ‍ॅसिडच्या वाफांचा, दुसऱ्याचं सोनं सांभाळायचा सगळा धोका तिकडं ठेवून निर्धास्तपणा गावाकडं पाठवतात. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाचंही थोडंफार तसंच: घरातला एक जण सगळ्यात धोक्याच्या नोकरीवर, म्हणून बाकीच्यांचं घर पक्कं. त्या घराचे गुण कुठल्या गावाच्या खात्यात जमा करायचे?

'इकॉनॉमिस्ट' गटाची जगातल्या १७३ शहरांची यादी दरवर्षी पेपरात येते, व्हिएन्ना, कोपनहेगन वगैरे. त्यात स्थैर्याला २५, आरोग्याला २०, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, शिक्षणाला १०, सोयींना २०. उत्पन्नाला शून्य. मला हे आधी विचित्र वाटलं. मग कळलं की अशा याद्यांचा एक मोठा उपयोग कंपन्यांना असतो. माणसाला परदेशात धाडताना त्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे त्यावरून ठरवतात. शहर जितकं वाईट तितका भत्ता जास्त. म्हणजे पगार हा तिथं गुणच नाही, ती भरपाई आहे! १९८२ मध्ये जेनिफर रोबॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हेच सूत्रात मांडलं: चांगल्या जागी राहायला मिळत असेल तर माणसं कमी पगार चालवून घेतात आणि जास्त भाडं भरतात, वाईट जागेला उलट. मग पगाराचे गुण आणि सुरक्षिततेचे गुण एकमेकांत मिळवले की काय होतं? गैरसोयीबद्दल मिळालेली भरपाई त्या गावाचं कौतुक म्हणून मोजली जाते. (विमेवाल्यांना यात नवं काही नाही. प्रीमियम जास्त म्हणजे माल उत्तम, असं आम्ही कधीच समजलो नाही.)

एका रविवारी भाची आली तेव्हा जेवणं झाल्यावर हे सगळं पुन्हा निघालं. दादाचं मारुती रोडवर हार्डवेअरचं दुकान. दोनदा पाण्यात गेलेलं, दोनदा उभं केलेलं. त्याचं म्हणणं ठाम: "पगार बघ आधी. पोटात नसेल तर सुरक्षितता काय चाटायचीय? माझ्याकडे पैसा होता म्हणून दुकान परत उभं राहिलं. शेजारच्याकडे नव्हता, त्याचं शटर अजून बंद आहे."

"मग तुम्ही का नाही गेलात पुण्याला, बाबा? तेव्हाच?" भाचीनं विचारलं.

"आपलं गाव सोडून?" दादा असा चकित झाला की जणू प्रश्नच चुकला. उत्पन्नाला शंभरातले शंभर गुण देणारा हा माणूस जन्मभर त्याच पूररेषेत बसलाय.

मी माझं म्हणणं मांडलं, आणि मांडायला आमच्या वेळचा दहावीचा निकाल घेतला. एकूण ८० टक्के पण इंग्रजीत १८, तर काय म्हणायचे? नापास. गणितातले ९५ इंग्रजीकडं वळते करता यायचे नाहीत. प्रत्येक विषयात ३५ लागायचेच. सुरक्षितता हा असा विषय आहे. तिला बेरजेत घ्यायचंच नाही. आधी पासिंग बघायचं. ३५ नसतील तर पगार कितीही असो, ते शहर तक्त्यातून बाहेर. आणि ३५ असतील तर मग ४० आणि ७० मधल्या फरकाचं फार कौतुक करायचं नाही, तिथून पुढं पगार, हवा, दवाखाना, आई-बाबा जवळ, काय हवं ते मिळवा. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात २०१० साली थोडं याच वळणाचं केलं. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांची साधी सरासरी सोडली आणि तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढायला लागले. एक जरी फार खाली गेलं तर बाकी दोन त्याला पुरतं उचलू शकत नाहीत. शिवाय उत्पन्न तिथं लॉगॅरिदममधून घेतात, म्हणजे वीस हजारांचे चाळीस झाले की जेवढी वाढ धरतात, तेवढीच दोन लाखांचे चार झाल्यावर. मला हे पटतं. पगार दुप्पट झाला म्हणून झोप दुप्पट लागत नाही.

"आणि ते पस्तीस ठरवणार कोण?" दादानं बरोबर दुखरी जागा पकडली. "रात्री अकराला एसटी स्टँडवर उतरलो तर मला काही वाटत नाही. हिला वाटेल. मग सांगली पास की नापास?"

दोन्ही. मला याला दुसरं उत्तर सापडलेलं नाही. माझ्यासाठी पास झालेलं गाव माझ्या भाचीसाठी नापास असू शकतं. विश्रामबागेतल्या भाचीसाठी पास झालेलं, दत्तनगरातल्या तिच्याच मैत्रिणीसाठी नापास. पण निदान असं मांडलं की प्रश्न तरी दिसतो. शंभरात पंचवीस भारांक दिला की तो बेरजेत विरघळून जातो.

एवढा वेळ वहिनी भांडी आवरत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं ती मुलीनं सांगलीत राहावं म्हणेल, आईच ती. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही दोघं दोन रकाने कशाला करताय? तिच्या हातात तिचा पगार असला की उद्या कुणाचं ऐकून घ्यायची वेळ आली तर ती पिशवी उचलून बाहेर पडेल. ह्याला काय म्हणता तुम्ही, उत्पन्न का सुरक्षितता?"

वहिनीला लग्नाआधी मिरजेत नोकरी होती. ती लग्नानंतर सुटली, कशी सुटली हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. दादानं टीव्हीचा आवाज वाढवला. मला त्या १४ टक्क्यांची आठवण झाली. मदत न मागणाऱ्या बायकांत किती जणींकडे बाहेर पडायचं भाडं होतं, असं कुठली यादी विचारेल?

भाचीनं तक्त्यात 'सुरक्षितता' रकाना पुसून टाकला. त्याच्या जागी हो-नाहीचे प्रश्न लिहिले: रात्री ऑफिसातून एकटीनं येता येईल का. पाणी तुंबतं का. सहा महिने नोकरी गेली तर शिलकीवर भाडं निघेल का. मध्यरात्री दवाखान्यात न्यायला कुणाला फोन करता येईल. या शेवटच्या प्रश्नावर सांगली सोडून सगळी शहरं अडकली. तिनं थोडा विचार केला आणि बेंगळुरूसमोर कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं नाव टाकलं. सांगलीच्या ओळीत अडकला तो शिलकीचा प्रश्न. तो पगार सांगलीतल्या घरात राहून पुरला असता, पण 'बाबांच्या घरात' असं तिनं कंसात लिहिलं आणि तिथं हो-ही नाही, नाही-ही नाही, असंच ठेवलं.

ती बेंगळुरूला गेली. घरं बघायला लागली तेव्हा दलालाला पहिला प्रश्न, २०२२ ला इथं पाणी आलं होतं का? त्या सप्टेंबरात आउटर रिंग रोडवर, बेळ्ळंदूरकडे ट्रॅक्टरमधून माणसं ऑफिसला गेली होती, ते तिनं बातम्यांत बघितलं होतं. दलाल म्हणे चक्रावला, बाकीची पोरं वायफाय आणि पार्किंग विचारतात. दाखवलेल्या दोन घरांत एक तळमजल्याचं, एक चढावरच्या गल्लीतलं दुसऱ्या मजल्याचं, महिना तीन हजारांनी महाग. तिनं वरचं घेतलं. ते तीन हजार तक्त्यात कुठं लिहायचे यावरून आता फोनवर वाद चालू आहे. दादा म्हणतो, भाड्यात लिही, तेवढा तुझा पगार कमी झाला. ती म्हणते, पगार तेवढाच आहे, तीन हजारांचा मी विमा काढलाय. वहिनी म्हणते, कुठं का लिहिनात, दर महिन्याला तिच्या खात्यातून जातायत ना, मग झालं.